खांदा वर गेल्याशिवाय नाही

भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत सकाळी सहा चाळीसला माणसं चहाचे कप घेऊन कठड्याला येऊन उभी राहायची. खाली अंगणात बाईंची गाडी असायची, गाडीशेजारी चार पोरं रांगेत, आणि गाडी सुटायच्या आधीची पाच मिनिटं फुकट बघायला मिळायची.

बाईंच्या गळ्यात शिट्टी, साडी घोट्याच्या वर खोचलेली, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट.

"दप्तर खाली! जॅकेट काढ! जॅकेट घालून पट्टा बांधायचा नाही, जॅकेट फुगतं आणि पट्टा खोटा बसतो. किती वेळा सांगितलं?"

पोरं आत चढायची. दोन लहानांच्या खुर्च्यांना खांद्यांवरून, कमरेवरून आणि पायांमधून येणारे पट्टे होते, म्हणजे हार्नेस. मागच्या रांगेतली दोन मोठी पोरं बूस्टरवर, म्हणजे साध्या उंच बैठकीवर, गाडीचाच पट्टा लावून बसायची. बाई एकेकाजवळ वाकायच्या. लहानांच्या गळ्याखालच्या हाडाजवळ पट्टा दोन बोटांत धरून चिमटा काढायला बघायच्या. पट्ट्याची चुणी बोटांत आली तर पट्टा सैल.

"चिमटीत येतोय. पुन्हा."

मग प्रत्येक बकलाचा टक् असा आवाज त्यांच्या कानांनी ऐकायला हवा. एकदा खालून टेम्पो गेला आणि एक टक् त्यात बुडाला. बाईंनी ते बकल उघडून पुन्हा लावलं. वरून कुणीतरी ओरडलं, "बाई, आम्हाला ऐकू आला!"

"तुला विचारला कोणी?" बाई वर न बघता म्हणाल्या. मग शिट्टी. मग गाडी.

गिरगावातल्या एका शाळेत त्यांनी तीसेक वर्षं पी.टी. शिकवली होती. चाळीत त्यांच्यापेक्षा वयाने मोठी माणसंही त्यांना बाईच म्हणायची. तळमजल्यावरच्या कोपऱ्याच्या खोलीत त्या एकट्या राहायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी सात आसनांची जुनी गाडी घेतली, तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता बाई भाचेमंडळींना घेऊन मालवणला फेऱ्या मारणार. बाईंनी तिच्यात मुलांच्या खुर्च्या बसवल्या आणि चाळीतली चार पोरं आपल्याच जुन्या शाळेत न्यायला-आणायला सुरुवात केली. पेट्रोल पालकांनी आळीपाळीने भरायचं. बाकी एका शब्दाचीही ढवळाढवळ करायची नाही.

माझ्या मैत्रीला त्या शाळेच्या शिशुवर्गात प्रवेश मिळाला तेव्हा ती साडेतीन वर्षांची होती. बाईंच्या गाडीत एक जागा रिकामी झाल्याचं कळलं, म्हणून मी संध्याकाळी तिला घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. मी नोकरी काय करते, नवरा काय करतो, सगळं मनात जुळवून गेले होते. बाईंनी मला काही विचारलंच नाही. त्यांनी मैत्रीला भिंतीला टेकवून उभं केलं, शिंप्याची मोजपट्टी काढली आणि उंची घेतली. मग खाली बसवून बुडापासून खांद्यापर्यंत मोजलं. मग वजनकाट्यावर उभी केली.

"पंधरा," त्या म्हणाल्या आणि वहीत लिहिलं. "झोपते काय गाडीत?"

"लगेच," मी म्हटलं. "बस सुरू झाली की पाचव्या मिनिटाला."

"मग हिला वेळ लागेल." कशाला वेळ लागेल ते मला तेव्हा कळलं नाही. "नवऱ्याला रविवारी सकाळी पाठव. रिकाम्या पोटी."

नितीन, माझा नवरा, कुणी बोलावलं तर आधी कारण विचारणारा माणूस. त्यात आमच्या घरी या खुर्चीवरून चेष्टा चालली होती. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "आमच्या नितीनला मी पोटाशी धरून अख्खी मुंबई फिरवली. त्याला कुठे काय झालं?" नितीन तेच धरून बसला होता. रविवारी तो गेला आणि बाईंना म्हणाला, "बाई, खुर्ची वगैरे ठीक आहे. पण जवळच्या जवळ जायचं असेल तर मांडीवर घेतली की झालं ना? मी घट्ट धरतो."

"घट्ट धरतोस?" बाईंचे डोळे चमकले. हे वाक्य ऐकायलाच त्या थांबल्या असाव्यात. "बस मागे. पट्टा लाव."

मीही बसले, तिसऱ्या रांगेत. बाईंनी नितीनच्या मांडीवर तांदळाची गोणी ठेवली, कोकणातून आलेल्या उकड्या तांदळाची, वजन करून बरोबर पंधरा किलो भरलेली. बंद पडलेल्या गिरणीच्या मागे एक रुंद गल्ली आहे, रविवारी सकाळी तिथे कुत्रंही नसतं. गाडी तिथे आली.

"धरलीस?"

"धरली."

"मुलगी आहे असं समजून धर."

"धरली हो बाई."

गाडी फार जोरात नव्हती. वीसचा काटा मी स्वतः बघितला, सायकलवाला पुढे जाईल इतका वेग. आणि बाईंनी ब्रेक मारला.

नितीनचे दोन्ही हात हवेत तसेच राहिले, गोणी धरल्यासारखे. गोणी मात्र पुढच्या सीटच्या पाठीवर आपटली, तिथे फुटली आणि तांदूळ डॅशबोर्डपर्यंत गेला. बाईंच्या केसांत तांदूळ, माझ्या पायांवर तांदूळ. नुसता उरलेला तांदूळ गोणीतून सुर्र करत खाली पडत होता.

"ही तुझी मैत्री," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एरवीसारखा मोठा नव्हता. "आणि तू घट्ट धरली होतीस. तू खोटं नाय बोललास. पण हात पुरत नाय रे बाबा."

नितीनने तासभर वाकून तो तांदूळ वेचला. घरी आल्यावर तो आईला इतकंच म्हणाला, "यापुढे या विषयावर कुणी बोलायचं नाही." पुढे कितीतरी महिने त्या गाडीच्या फटींतून तांदळाचे दाणे निघत होते आणि प्रत्येक दाण्यासरशी बाई खूश व्हायच्या.

बाईंची मोजणी महिन्याच्या पहिल्या शनिवारी. चारही पोरं भिंतीला. वहीत प्रत्येकाचं पान. खांदा कुठे आहे, खुर्चीतल्या पट्ट्याचं सगळ्यात वरचं भोक कुठे आहे, कानाचं वरचं टोक खुर्चीच्या वरच्या कडेच्या किती खाली आहे. कुठल्याही पोराला हार्नेसमधून बूस्टरवर घ्यायचं तर ते या मोजपट्टीने ठरायचं. पोराच्या हट्टाने नाही, वाढदिवसाने नाही, शेजारच्या पोराने तर मुळीच नाही. खांदा वरच्या भोकाच्या वर गेला, किंवा वजन खुर्चीवर लिहिलेल्या आकड्याला भिडलं, किंवा कान कडेला आला, तरच. आणि त्यानंतरही एक परीक्षा उरायचीच. ती प्लास्टिकच्या खुर्चीवर, अंगणात. पाठ टेकवून, न घसरता, न वाकता चाळीस मिनिटं बसायचं. गिरगावला पोचायला गाडीला तेवढा वेळ लागायचा.

"हार्नेस पोराला धरून ठेवतो," बाई म्हणायच्या. "बूस्टर काय धरत नाय. तो फक्त उंच करतो. पट्टा खांद्यावर आणि मांडीवर बसेल, गळ्यावर आणि पोटावर येणार नाय, एवढंच त्याचं काम. सरळ बसायचं काम पोराचं. ज्याला ते काम जमत नाय त्याला बढती कसली देता?"

बढती हा शब्द त्यांना आवडायचा नाही. लोकांना मात्र बूस्टर म्हणजे बढतीच वाटायची. मूल हार्नेसमधून निघालं की आयांनी पेढे वाटायचंच काय ते बाकी असायचं. बाई चिडायच्या. "मोठं व्हायची घाई पोरांना असते. ती त्यांची कामं. आपणाला कशाला घाई?"

त्या अशा का, यावर चाळीत बऱ्याच गोष्टी होत्या. कुणी म्हणायचं, बाईंचा भाचा अपघातात गेला. कुणी म्हणायचं, भाचा नव्हे, शाळेतला विद्यार्थी. दुसऱ्या मजल्यावरच्या एका आजींकडे तर रडवेली, तपशीलवार हकिगत होती. एकदा पेट्रोल भरायला मी त्यांच्याबरोबर गेले होते, तेव्हा धीर करून विचारलं.

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "कोण गेला? माझे सगळे भाचे ठणठणीत आहेत. एक तर शंभर किलोचा आहे."

"मग हे सगळं...?"

"म्हणजे कुणीतरी मेल्याशिवाय माणसाला अक्कल येऊच नये काय गो?" त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या की पंपावरच्या माणसाने नळी हातात धरून मागे बघितलं. "मी तीस वर्षं पोरांना घोड्यावरून उड्या मारायला शिकवल्या. लाकडी घोडा, माहीत आहे ना? कुठलं पोर तयार आहे आणि कुठलं नुसतं तयार आहे म्हणतंय, हे मला त्याच्या गुडघ्याकडे बघून कळतं. तीस वर्षांत एकाचंही हाड मोडू दिलं नाय. का? कारण कच्च्या पोराला मी घोड्याजवळ उभंच केलं नाय. रडली, आया भांडायला आल्या, हेडमास्तर बोलले. मी नाय म्हणजे नाय."

मी त्या दिवशी जोरजोरात मान हलवली होती. आणि पुढे भांडायला गेलेल्या आयांत माझाच नंबर लागला.

मैत्रीचा पाचवा वाढदिवस जवळ आला होता. ती वर्गात सगळ्यात उंच नव्हती, पण स्वतःला तशी समजायची. गाडीत मागच्या रांगेत वेद बसायचा, दुसरीतला, आमच्याच मजल्यावरचा. त्याने एक दिवस तिच्या खुर्चीला "बाळखुर्ची" म्हटलं. झालं. त्या दिवसापासून रोज सकाळी रडारड. पट्टा बांधू देईना. आणि नेमका माझ्या भावाने वाढदिवसाला तिला बूस्टर आणला, गुलाबी, बाजूला पाणी ठेवायची जागा असलेला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, चार वर्षं आणि पुढे. मैत्री ते खोकं उराशी धरून झोपली.

सोमवारी सकाळी मी खोकं घेऊन खाली गेले. कठड्यावर नेहमीची गर्दी.

"बाई, आजपासून ही यावर बसेल."

बाईंनी खोक्याकडे बघितलंसुद्धा नाही. "खांदा दोन बोटं खाली आहे अजून."

"पण यावर चार लिहिलंय. ही पाचची झाली."

"अठरा पूर्ण झाली की लग्न करता येतं. म्हणून केक कापल्या-कापल्या मुलीला मांडवात उभी करतेस काय?"

वर कुणीतरी हसलं. मला ते हसणं झोंबलं. मी म्हटलं, "बाई, मुलगी माझी आहे. रोज सकाळी ती रडते ते मी बघते, तुम्ही नाही. कंपनीने लिहिलंय, डोकं लावूनच लिहिलं असेल. तुम्ही काय कंपनीपेक्षा शहाण्या?"

"कंपनीला तुझी मुलगी माहीत नाय. मला माहीत आहे. ती परतीला भायखळ्याच्या आधी झोपते. झोपली की डावीकडे कलंडते. बूस्टरवर कलंडली की पट्टा खांद्यावरून गेला खाली." मग त्या मैत्रीकडे वळल्या. "मैत्री, त्या खुर्चीवर बस. पाठ टेकव. मी घड्याळ लावते."

सगळ्यांसमोर माझ्या मुलीला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. सहाव्या मिनिटाला ती घसरून अर्धी खाली आली आणि पायाने मांजराला डिवचायला लागली. बाईंनी घड्याळ बंद केलं.

"ही या गाडीत बसेल तर हार्नेसमध्ये. नायतर गाडी हलूची नाय."

मी रडणाऱ्या मैत्रीला हार्नेसमध्ये बांधलं, कारण माझी नऊची मीटिंग होती आणि दुसरी सोय नव्हती. पण बाईंशी बोलणं सोडलं. दोन आठवडे रोज सकाळी मी मुलीला खाली सोडायची, मान वळवायची आणि निघून जायची. लोअर परळला ऑफिसात बसून दुसऱ्या गाड्यांची चौकशी करायची. एक व्हॅन ठरतही आली होती. पुढच्या महिन्यापासून.

त्या बुधवारी दुपारी फोन वाजला. बाईंचा नंबर. मी मुद्दाम दोनदा वाजू दिला.

"मैत्री बरी आहे," पलीकडून आवाज आला. "आधी हे ऐक. मैत्री बरी आहे. ऐकलंस?"

"हो."

"परत म्हण."

"मैत्री बरी आहे."

"आता पुढचं ऐक. लालबागच्या पुलाखाली टेम्पोने आपल्याला ठोकलं. सिग्नल तोडून आला. चारही पोरं बरी आहेत. ये."

मी टॅक्सी शोधायला थांबलेच नाही. करी रोडच्या पुलावरून धावत सुटले. चप्पल हातात कधी आली ते आठवत नाही. पुलावर एक हातगाडी आडवी होती, तिच्या मागच्या माणसाने माझं तोंड बघून गाडी मागे ओढली. उतारावरून दिसलं, गर्दी, एक पोलीस आणि बाईंची गाडी. तिची डावी बाजू मागून आत गेलेली. मैत्रीची बाजू.

पोरं फुटपाथवर एका मसाल्याच्या दुकानाच्या पायरीवर बसली होती, दुकानातल्या बाईने त्यांना पाणी दिलं होतं. बाई समोर उकिडव्या बसल्या होत्या. त्यांचा उजवा हात पदरात गुंडाळलेला होता.

"पायाची बोटं हलव. छान. डब्यात काय होतं आज?"

"चपाती-भाजी," वेद म्हणाला.

"कसली भाजी?"

"बटाटा."

"मैत्री, तू हलव बोटं. मान नाय हलवायची. तोंडाने सांग. तुझ्या डब्यात काय होतं?"

"तोच पुलाव. मला नाही आवडत," मैत्री म्हणाली आणि मला बघून रडायला लागली.

परळच्या एका मोठ्या इस्पितळात चौघांना तपासलं. तरुण डॉक्टर होती. तिने मैत्रीचा फ्रॉक उतरवला. दोन्ही खांद्यांवरून खाली दोन लाल वळ होते, सरळ, एकसारखे, पट्टीने आखल्यासारखे.

"हे पट्ट्याचे आहेत," डॉक्टर म्हणाली. "दोन-चार दिवसांत जातील. बाकी काही नाही. टक्कर झाली तेव्हा ही काय करत होती?"

"झोपली होती," दारातून बाई म्हणाल्या.

डॉक्टरने त्या वळांवरून हलकेच बोट फिरवलं आणि "बरं," एवढंच म्हणाली. बूस्टरवर काय झालं असतं ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी बाहेर गेले. बाई बाकड्यावर बसल्या होत्या. त्यांच्या मनगटाचा एक्स-रे अजून व्हायचा होता, मनगट सुजून दुप्पट झालं होतं. पोरांचं संपल्याशिवाय त्यांनी हात कुणाला लावू दिला नव्हता.

मी त्यांच्या पायांशी बसले. मला रडू फुटलं.

"रड नको गो," बाई म्हणाल्या. "मैत्री बघील. आणि तो पुलाव देऊ नको तिला. आवडत नाय तर कशाला देतेस?"

पुढचा शनिवार मी कधी विसरणार नाही. गाडी गॅरेजात गेली होती, पण बाईंनी चारही खुर्च्या काढून चाळीच्या अंगणात ओळीने मांडल्या होत्या. हार्नेसच्या दोन, बूस्टर दोन. उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या हातात मोठी कात्री.

खुर्च्यांना काही झालेलं नव्हतं. एक ओरखडासुद्धा नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी वरून म्हणाल्या, "अगं बाई, माझ्या नातवाला दे ना ती. नवीकोरी आहे."

"नवीकोरी दिसते," बाई म्हणाल्या. "एकदा टक्कर खाल्लेली खुर्ची पुन्हा वापरायची नाय. आत काय तडकलंय ते डोळ्याला दिसत नाय."

"मग भंगारवाल्याला दे."

"भंगारवाला पुसून विकील. कुणीतरी पोर बसवील."

आणि त्यांनी मैत्रीच्या खुर्चीचा पट्टा धरला. पट्टा जाड, कात्री लागेना, हात डावा. ओठ दातांखाली दाबून त्या कापत होत्या. मी खाली उतरले. त्यांच्या हातातली कात्री घेतली आणि पट्टा कापला. पहिला तुटायला बराच वेळ लागला. त्या दोन पट्ट्यांनीच ते दोन वळ उमटवले होते. कापताना मला कधी नव्हे इतका आनंद होत होता, ओरडावंसं वाटत होतं. मग नितीन आला, वेदची आई आली. सगळ्यांनी मिळून सगळे पट्टे कापले, बूस्टरच्या खोळी फाडल्या आणि मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलं, वापरू नये. नव्या खुर्च्या आम्ही पालकांनी आणल्या. मैत्रीची पुन्हा हार्नेसचीच आणली. गुलाबी बूस्टर माळ्यावर गेला, आणि मैत्रीने एकदाही विचारलं नाही.

बाईंचं मनगट जुळलं, पण पुरतं नाही. प्लास्टर निघाल्यावर त्यांनी रिकाम्या गल्लीत स्वतःची परीक्षा घेतली. मी शेजारी होते. स्टिअरिंग जोरात फिरवायची वेळ आली की हात अर्ध्यावर थांबत होता. चार वेळा त्यांनी करून बघितलं. मग गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, शांतपणे म्हणाल्या, "नापास." माझ्याकडे बघितलं. "तुझ्याकडे लायसन आहे ना?"

होतं. लग्नाआधी काढलेलं, पाकिटात पडून राहिलेलं. पुढचे दोन महिने दर रविवारी मी त्यांच्या हाताखाली नव्याने गाडी शिकले. बाई मागे वही घेऊन बसायच्या आणि एक शब्द बोलायच्या नाहीत. संपल्यावर फक्त निकाल. पहिल्यांदा नापास: आरशात बघते, पण बघितलेलं लक्षात ठेवत नाही. दुसऱ्यांदा नापास: हॉर्न वाजवला की आपलं काम झालं असं समजते. तिसऱ्यांदा नापास, कारणच सांगितलं नाही. चौथ्यांदा त्या उतरल्या, वही मिटली आणि म्हणाल्या, "सोमवारपासून." मी तिथेच गल्लीत उड्या मारल्या. मी पस्तिशीची बाई, ऑफिसात माझ्या हाताखाली सहा माणसं आहेत.

मी ऑफिसची वेळ बदलून घेतली. सकाळी मी न्यायची आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत आणायची, बाई शेजारी. मैत्री पावणेसात वर्षांची झाली तेव्हा एका पहिल्या शनिवारी त्यांनी मोजपट्टी लावली, पुन्हा लावली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा लावली.

"खांदा वर गेला."

मग प्लास्टिकची खुर्ची. अख्खी चाळ कठड्याला. वीस मिनिटं. तीस. मांजर आलं, मैत्रीने नुसती नजर फिरवली. पस्तीसला वेदने वरून वेडावून दाखवलं. चाळिसाव्या मिनिटाला बाईंनी शिट्टी मारली आणि वरून अशी आरोळी उठली की गल्लीतला भाजीवाला बघायला आत आला. बाई ओरडल्या, "बढती नाय ही! टाळ्या कशाला?" कुणी ऐकलं नाही.

सोमवारी मैत्री पहिल्यांदा बूस्टरवर बसली. वेद तोवर शाळेच्या बसने जायला लागला होता आणि दुसरी दोघं त्या दिवशी तापाने घरी होती. परतीला ही झोपते की काय ते बघायला बाई पहिल्यांदाच पुढची जागा सोडून मागे तिच्या शेजारी बसल्या.

आणि इथे एक गोष्ट सांगायला हवी. बाई उंचीने चार फूट सात इंच. त्यांच्या आवाजामुळे हे कधी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पुढच्या दोन्ही जागांवर पट्टा खालीवर करता यायचा आणि बैठक उंच करता यायची. मागे तशी सोय नव्हती.

गिरगावातून निघाल्यावर दोनच मिनिटांत मागून मैत्रीचा आवाज आला. "बाई, पट्टा तुमच्या गळ्यावर आलाय."

"चालतं. मी धरते हाताने."

"हाताने धरायचा नाही. तुम्हीच सांगितलंय."

"मी मोठी आहे गो."

"किती?"

मग पर्सची चेन उघडल्याचा आवाज, मोजपट्टीची सळसळ, आणि मैत्रीचा आवाज, एकेक अक्षर स्वच्छ. "पाठ टेकवली की गुडघे सीटच्या कडेला येत नाहीत. पट्टा खांद्यावर नाही. खाली पण पोटावर आलाय. बाई, तुम्ही नापास. आई, गाडी थांबव."

मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. मागे बघायची हिंमत होत नव्हती, आणि हसू दाबता दाबता माझे डोळे वाहायला लागले होते. मागच्या रांगेत वेदचा बूस्टर अजून बांधलेला होता. बाई उतरल्या, तो सोडवून घेतला, उलटा केला आणि खालचं लेबल डोळ्यांजवळ नेऊन शेवटपर्यंत वाचलं.

"पन्नास किलोपर्यंत," त्या म्हणाल्या. "मी एक्केचाळीस." लेबल पुन्हा एकदा वाचलं. "बसते मी यात."

त्यांनी तो सीटवर ठेवला, साडी सावरून वर चढल्या, पाठ टेकवली. मैत्रीने पट्टा बघितला, खांद्यावर, मग मांडीवर. तिला काही चूक सापडली नाही. टक् झालं ते मला पुढे स्वच्छ ऐकू आलं.

लालबागच्या सिग्नलला शेजारी टॅक्सी येऊन थांबली. टॅक्सीवाल्याने सहज मान वळवली आणि वळलेली तशीच राहिली. आमच्या मागच्या सीटवर एक सात वर्षांची आणि एक पासष्टीची, दोघी एका उंचीवर, दोघींची पाठ ताठ, दोघींची नजर समोर. मी आरशातून त्यांच्याकडे बघत होते. बघतच राहिले.

"मागे काय बघतेस?" बाई म्हणाल्या. "सिग्नल सुटलाय. चल."